आज निघून काल पोचणारे विमान

प्रशांत महासागरात ग्वाम नावाचे एक बेट आहे. समजा, रविवारी सकाळी साडेसात वाजता तिथून एक विमान निघाले आणि वाटेत कुठेही न थांबता हवाई बेटांवरील होनोलुलूला पोचले. उतरल्यावर प्रवाशांनी विमानतळावरचे घड्याळ पाहिले. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. यात नवल काहीच नाही. पण शेजारच्या कॅलेंडरवर वार होता शनिवार!

आता उलटा प्रवास पाहू. होनोलुलूहून शनिवारी दुपारी २ वाजता निघालेले विमान ग्वामला उतरले तेव्हा रविवारच्या संध्याकाळचे ६ वाजले होते. म्हणजे घड्याळ-कॅलेंडरच्या हिशेबाने होनोलुलूहून ग्वामला जायला २८ तास लागले आणि परत यायला उणे पावणेतेरा तास! मार्ग तोच आणि विमानही त्याच जातीचे. मग हे कसे?

प्रत्यक्ष वेळापत्रके ऋतूनुसार थोडीफार बदलतात. वरच्या वेळा गणित सोपे व्हावे म्हणून घेतल्या आहेत, पण त्या वस्तुस्थितीच्या जवळच्या आहेत. हे कोडे आठवी-नववीच्या वर्गात घालून पाहा. बहुतेक मुले ‘तिथली वेळ वेगळी असते’ असे म्हणून मोकळी होतील. ते उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. वेळापत्रकातल्या या दोन आकड्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत : दोन बेटांमधले अंतर, वाटेतला वारा आणि माणसांनी आपापसांत ठरवलेली घड्याळे. अंतर ही भूमितीची गोष्ट, वारा ही निसर्गाची आणि घड्याळ ही कराराची. या तिन्ही वेगळ्या काढता आल्या, की कोडे सुटते.

आधी एक युक्ती

ग्वामचे घड्याळ होनोलुलूच्या किती पुढे आहे ते आपल्याला माहीत नाही असे समजू. हा अज्ञात फरक जातानाच्या वेळेत मिळवला जातो आणि येतानाच्या वेळेतून वजा होतो. मग दोन्ही वेळांची बेरीज केली तर तो आपोआप नाहीसा होईल.

२८ तास + (उणे १२ तास ४५ मिनिटे) = १५ तास १५ मिनिटे.

विमानाने जाऊन-येऊन खरोखर घालवलेला वेळ हा असा निघाला. त्याची सरासरी एका बाजूला साधारण ७ तास ३८ मिनिटे. यासाठी ना नकाशा लागला, ना घड्याळांमधला फरक माहीत असावा लागला. उणे संख्यांची बेरीज कुठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला देण्यासारखे हे उदाहरण आहे.

पण हा प्रवास एका बाजूने नेमका ८ तासांचा आणि दुसऱ्या बाजूने सव्वासात तासांचा आहे, हे या बेरजेतून कळत नाही. त्यासाठी तिन्ही गोष्टी एकेक करून पाहाव्या लागतील.

अंतर : दोरा आणि पृथ्वीगोल

होनोलुलूचा विमानतळ सुमारे २१° १९′ उत्तर अक्षांश आणि १५७° ५५′ पश्चिम रेखांशावर आहे. ग्वामचा १३° २९′ उत्तर आणि १४४° ४८′ पूर्व रेखांशावर. या दोघांच्या रेखांशांत फरक किती?

इथे मुले हमखास चुकतात. काहीजण १५७ मधून १४४ वजा करून १३ अंश सांगतात. काहीजण एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून बेरीज करतात आणि सुमारे ३०३ अंश सांगतात. बेरीज बरोबर आहे, पण ती ग्रीनिचवरून जाणारी लांबची वाट झाली. जवळची वाट १८०° रेखांश ओलांडून जाते. ३६० मधून ३०२° ४३′ वजा केले की ५७° १७′ उरतात. हा खरा फरक.

आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या. त्याचा व्यास ३० सेंमी असेल तर परीघ सुमारे ९४ सेंमी होतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी आहे, म्हणजे गोलावरचा एक सेंमी प्रत्यक्षात सुमारे ४२५ किमी झाला. होनोलुलू आणि ग्वाम यांवर एक दोरा ताणून धरा आणि मोजा. तो सुमारे १४.४ सेंमी भरेल. ४२५ ने गुणले की ६,१२० किमी मिळतात.

उच्च माध्यमिकचे विद्यार्थी हेच गणिताने काढू शकतात. पृथ्वीच्या केंद्राशी दोन ठिकाणांमध्ये जो कोन होतो त्याचा कोसाइन असा मिळतो : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा व रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. आकडे घालून :

०.३६३६ × ०.२३३१ + ०.९३१६ × ०.९७२४ × ०.५४०५ = ०.५७४४

हा ५४.९४ अंशांचा कोसाइन आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. गुणाकार केला की अंतर येते ६,११० किमी. दोरा आणि गणित यांच्यात फक्त दहा किलोमीटरचा फरक पडला.

ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात. या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. गोलावरील दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात मात्र पट्टीने आखलेली सरळ रेषा ही बृहद्वृत्त नसते.

या दोन वाटांत किती फरक पडतो? ६०° उत्तर अक्षांशावर एकमेकांपासून ९० रेखांश दूर असलेली दोन ठिकाणे घ्या. अक्षवृत्ताला धरून गेल्यास सुमारे ५,००० किमी जावे लागते, बृहद्वृत्तावरून सुमारे ४,६०० किमी. म्हणजे ४०० किमी वाचतात. आपली दोन बेटे विषुववृत्तापासून फार दूर नाहीत. त्यामुळे इथे नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बृहद्वृत्ताची वाट अवघी ३० किमीच जवळ आहे. विमानाच्या दृष्टीने ही दोन-तीन मिनिटे. पण वाट बदलते ती लक्षात घेण्याजोगी. सरळ रेषा ज्या जागी साडेसोळा अंश उत्तरेवरून जाते, तिथे बृहद्वृत्त १८.७ अंश उत्तरेवरून जाते. आणि नेमके तिथेच, बृहद्वृत्तापासून सत्तर किलोमीटरच्या आत, वेक नावाचे एक चिमुकले बेट आहे. या बेटाची गरज आपल्याला पुढे पडणार आहे.

वारा : खाली एक, वर दुसरा

अंतर दोन्ही बाजूंनी ६,११० किमीच आहे. मग ग्वामला जायला ८ तास आणि यायला सव्वासात तास का?

विमान हवेतून उडते आणि हवा स्वतः वाहत असते. नदीतल्या नावेसारखेच हे आहे. विमानतळावरची धावाधाव, चढणे आणि उतरणे यांत जाणारा जादा वेळ प्रत्येक खेपेस अर्धा तास धरून वजा करू. उरतात साडेसात तास आणि पावणेसात तास. म्हणजे जमिनीच्या संदर्भात विमानाचा वेग जाताना ताशी ८१५ किमी आणि येताना ताशी ९०५ किमी पडतो. या दोन वेगांची सरासरी ८६० हा विमानाचा हवेतील वेग, आणि दोन्हींतील फरकाचा निम्मा, म्हणजे ताशी ४५ किमी, हा वाऱ्याचा वेग. वेळापत्रक हाती असले की घरबसल्या, सागरावर दहा किलोमीटर उंचीवरचा वारा आपण असा अदमासे मोजू शकतो!

हा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा असला पाहिजे, कारण तो ग्वामहून होनोलुलूला येणाऱ्या विमानाला मदत करतो. भूगोलाच्या शिक्षकांना इथे शंका येईल. या अक्षांशांवर तर पूर्वीय, म्हणजेच व्यापारी वारे वाहतात! त्यांनी तर उलट ग्वामकडे जाणाऱ्याला मदत करायला हवी.

शंका रास्त आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर वारे पूर्वीयच असतात, आणि शिडाच्या जहाजांना त्यांनीच पश्चिमेकडे नेले. मॅगेलनची जहाजे १५२१ च्या मार्चमध्ये ग्वामला पोचली ती याच वाऱ्यांच्या जोरावर. पण प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तिथे उपोष्ण प्रदेशात बऱ्याचदा, आणि विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमी वारे वाहतात. खाली आणि वर वारे निरनिराळ्या दिशांचे असू शकतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील एकाच नकाशावरून मुलांच्या लक्षात येत नाही.

वाऱ्याबद्दल आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना फायदा, म्हणजे हिशेब बरोबर’ असे सहज वाटते. ते खरे नाही. वारा ताशी १०० किमी आहे असे धरा. समोरच्या वाऱ्यात विमानाला ६,११० किमी जायला ८ तास २ मिनिटे लागतील. पाठीमागच्या वाऱ्यात ६ तास २२ मिनिटे. एकूण १४ तास २४ मिनिटे. वारा मुळीच नसता तर जाऊन-येऊन १४ तास १३ मिनिटे लागली असती. म्हणजे वाऱ्याने एकूण नुकसानच केले. कारण सोपे आहे : विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ राहते आणि सुलट्या वाऱ्यात कमी वेळ. ‘सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची बेरीज भागिले दोन’ हे सूत्र डोळे मिटून वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा चांगला धडा आहे.

पृथ्वी फिरते, मग ग्वाम जवळ येत नाही का?

हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतोच, आणि तो टाळू नये. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाने नुसते अधांतरी थांबले तरी ग्वाम आपोआप त्याच्याखाली यायला हवे!

या अक्षांशांवर जमीन ताशी सुमारे १,६०० किमी वेगाने पूर्वेकडे सरकत असते. पण धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्याच वेगाने सरकत असते, आणि त्याच्याभोवतीची हवाही. विमान जमीन सोडते तेव्हा हा वेग जमिनीवर ठेवून जात नाही. धावत्या आगगाडीत वर उडी मारली तर आपण डब्याच्या मागच्या भिंतीवर आदळत नाही, तसेच हे. वेळापत्रकही साक्ष देतेच : तर्क बरोबर असता तर पश्चिमेचा प्रवास झटपट झाला असता. प्रत्यक्षात तोच जास्त वेळ घेतो.

पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यांच्या दिशांशी संबंध आहे, हे खरे. पण तो संबंध हवेमार्फत येतो, बेट विमानाकडे सरकते म्हणून नव्हे.

घड्याळ : चार तास मागे, एक दिवस पुढे

आता तिसरी गोष्ट. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ५७° १७′ फिरायला तिला ३ तास ४९ मिनिटे लागतात. म्हणजे होनोलुलूला सूर्य डोक्यावर आल्यानंतर जवळजवळ चार तासांनी तो ग्वामच्या डोक्यावर येतो. त्या हिशेबाने ग्वामचे घड्याळ चार तास मागे हवे, आणि घड्याळाच्या काट्यांपुरते ते तसेच आहे. होनोलुलूला दुपारचे २ वाजले असतील तेव्हा ग्वामला सकाळचे १० वाजलेले असतात. पण दुसऱ्या दिवशीचे! होनोलुलूची प्रमाण वेळ ग्रीनिचच्या १० तास मागे आहे आणि ग्वामची १० तास पुढे. फरक २० तास.

चार तास मागे आणि एक दिवस पुढे, म्हणजेच २४ उणे ४, वीस तास पुढे. दोन्ही विधाने एकच आहेत.

हा एक दिवस येतो कुठून? पश्चिमेकडे चालत राहिले तर दर १५ रेखांशांमागे घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. पूर्ण प्रदक्षिणा झाली की २४ तास मागे घेतलेले असतात. कुठेतरी हा दिवस परत भरून काढला नाही, तर तारीख चुकते. मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले लोक १५२२ च्या जुलैमध्ये केप व्हर्दे बेटांवर पोचले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. त्यांनी रोजच्या नोंदी चोख ठेवल्या होत्या. तरीही एक दिवस हरवला होता.

हा दिवस भरून काढण्याची जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा. ती साधारणपणे १८०° रेखांशाजवळून जाते, पण निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांच्या सोयीने वाकते. मार्शल बेटांपैकी क्वाजालेनवर अमेरिकी तळ असल्याने तिथे हवाईची तारीख पाळली जात असे. ऑगस्ट १९९३ मध्ये तिथे एक तारीख गाळून बेट वाररेषेच्या पश्चिमेकडील गटात आणले गेले. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरातून वगळला, कारण त्याचा व्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी होता. गंमत अशी, की ग्वाम आणि हवाई दोन्ही १८९८ पासून अमेरिकेच्याच ताब्यात आहेत. एकाच देशातल्या दोन विमानतळांवर निरनिराळे वार असतात.

आता सुरुवातीचे कोडे पूर्ण सुटते. जाताना : ८ तास अधिक २० तास, म्हणजे २८ तास. येताना : सव्वासात तास उणे २० तास, म्हणजे उणे पावणेतेरा तास. विमान कालप्रवास करत नाही. प्रवाशांचे वय दोन्ही वेळी वाढतेच!

तीन तास मोजायचे राहिले तर

हे सगळे गणित केवळ करमणुकीचे नाही, हे सांगणारी एक घटना आहे. १९३७ साली अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. त्यांच्याबरोबर नॅव्हिगेटर होते फ्रेड नूनन. २ जुलैला सकाळी १० वाजता त्यांनी न्यू गिनी बेटावरील लाए येथून उड्डाण केले. त्यांना जायचे होते सुमारे ४,१०० किमी दूर असलेल्या हाउलंड या बेटावर. हे बेट जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरपेक्षा कमी रुंद. तिथे त्यांच्यासाठीच धावपट्टी तयार केली होती, आणि मदतीला ‘इटास्का’ हे जहाज उभे होते.

दिशेत एका अंशाची चूक झाली तर ४,१०० किमी अंतरावर विमान सुमारे ७० किमी बाजूला जाते. रेखांश ठरवायचा तर सूर्य किंवा तारे यांची उंची आणि अचूक वेळ दोन्ही लागतात. विषुववृत्तावर घड्याळाची एका मिनिटाची चूक म्हणजे स्थानात २८ किमीची चूक. समोरच्या वाऱ्याचा अंदाज ताशी दहा किलोमीटरने चुकला तर वीस तासांत २०० किमीचा फरक पडतो. म्हणजे अंतर, वारा आणि घड्याळ या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या होत्या. त्यातच विमानाची वेळ ग्रीनिचप्रमाणे होती, तर जहाजावरची घड्याळे ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे होती.

उड्डाणानंतर २० तास १३ मिनिटांनी जहाजाने त्यांचा शेवटचा बिनतारी संदेश ऐकला. त्याआधीच्या संदेशांतून इंधन कमी उरल्याचे कळले होते. लाएमध्ये तेव्हा ३ जुलैची पहाट उलटली होती, हाउलंडवर २ जुलैचीच सकाळ होती. विमान बेटावर पोचले नाही. मोठा शोध घेऊनही दोघे सापडले नाहीत. नेमके काय चुकले याबद्दल आजही एकमत नाही. पण महासागरावर अंतर आणि वेळ यांतील चुकीला किती कमी जागा असते, ते यावरून कळते.

बेटांच्या पायऱ्या

नूनन यांना प्रशांत महासागर नवा नव्हता. नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘चायना क्लिपर’ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलापर्यंत टपाल नेले, तेव्हा नॅव्हिगेटर तेच होते. त्या विमानाने होनोलुलूहून ग्वाम एका दमात गाठले नाही. होनोलुलू ते मिडवे सुमारे २,१०० किमी, मिडवे ते वेक १,९०० किमी आणि वेक ते ग्वाम २,४०० किमी असे तीन टप्पे होते. एकूण सुमारे ६,४०० किमी. थेट अंतरापेक्षा फक्त ३०० किमी जास्त, पण प्रत्येक टप्प्याला एक दिवस.

आजही थांबत जाणारा एक विमानमार्ग आहे. त्याची सुरुवात १९६८ साली झाली. होनोलुलूहून मजुरो, क्वाजालेन, कोसराए, पोनपे, चूक अशी बेटे घेत तो ग्वामला जातो. गोलावर मोजल्यास ही वाट सुमारे ७,००० किमी भरते, म्हणजे थेट मार्गापेक्षा १५ टक्के जास्त. प्रवासाला मात्र सुमारे १५ तास लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एसटीच्या लाल गाडीचा आणि विनाथांबा गाडीचा अनुभव असलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही. या बेटांवरच्या लोकांना टपाल, औषधे आणि भाजीपाला मात्र याच थांब्यांमुळे मिळतो.

आता वेक बेटाकडे

थेट जाणारे विमान आज वेकवर थांबत नाही. तरी ते बेट नकाशावर असणे महत्त्वाचे आहे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकावर ते कुठल्या तरी धावपट्टीपर्यंत पोचले पाहिजे. पूर्वी अशा विमानांना नेहमी एखाद्या विमानतळापासून साठ मिनिटांच्या आतच राहावे लागे. इंजिने भरवशाची होत गेली तशी अमेरिकेत १९८५ साली ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत आणि १९८८ साली १८० मिनिटांपर्यंत वाढवली गेली. त्यासाठी विमान आणि ते चालवणारी कंपनी दोघांनाही कडक कसोट्यांतून जावे लागते.

मग प्रश्न असा : होनोलुलू ते वेक हे अंतर सुमारे ३,६९० किमी आहे. वाटेत बिघाड झाला तर मागे फिरावे की पुढे जावे? ‘अर्ध्या वाटेच्या अलीकडे असलो तर मागे, पलीकडे असलो तर पुढे’ हे उत्तर वारा नसेल तरच बरोबर. समजा एका इंजिनावर विमानाचा वेग ताशी ७०० किमी आहे आणि वारा समोरून ताशी ४५ किमी. मागे फिरल्यास वेग ७४५ मिळेल, पुढे गेल्यास ६५५. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असा बिंदू होनोलुलूपासून या अंतरावर येतो :

३,६९० × ७४५ ÷ (७४५ + ६५५) = सुमारे १,९६४ किमी

अर्धी वाट १,८४५ किमीवर आहे. म्हणजे अर्धी वाट ओलांडून सुमारे १२० किमी पुढे गेल्यावरही मागे फिरणेच लवकरचे ठरते. त्या बिंदूपासून दोन्हीकडे सुमारे २ तास ३८ मिनिटे लागतात. इंजिन बंद पडल्यावर हे गणित करत बसायचे नसते. ते उड्डाणापूर्वीच त्या दिवशीचा वारा घालून केलेले असते.

प्रत्यक्षात त्या बिंदूच्या उत्तरेला आठशे-नऊशे किलोमीटरवर मिडवे बेटही आहे. तिथे आता मुख्यतः पक्षी राहतात आणि त्यांची देखभाल करणारी मोजकी माणसे. तरीही तिथली धावपट्टी सुस्थितीत ठेवली जाते. जुलै २०१४ मध्ये होनोलुलूहून ग्वामकडे निघालेल्या एका मोठ्या प्रवासी विमानात विचित्र वास येऊ लागला, तेव्हा ते रात्री मिडवेवर उतरवले गेले. सर्व प्रवासी सुखरूप होते.

वर्गात करण्यासारखे

१. पृथ्वीगोलावर होनोलुलू, मिडवे, वेक आणि ग्वाम यांवर दोरा लावून तिन्ही टप्पे मोजा. होनोलुलू-वेक-ग्वाम आणि होनोलुलू-ग्वाम यांतला फरक दोऱ्याने मोजता येतो का? गणिताने तो जेमतेम दोन किलोमीटर येतो.

२. कोणत्याही दोन शहरांमधल्या विमानांचे जाण्याचे आणि येण्याचे वेळापत्रक मिळवा. स्थानिक वेळांवरून दोन्ही आकडे काढा, त्यांची बेरीज करून निम्मी करा. मग घड्याळांमधला फरक वजा करून वाऱ्याचा अंदाज काढा.

३. भारताची प्रमाण वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे सोमवारी सकाळी ११ वाजता शाळा भरते तेव्हा ग्वामला आणि होनोलुलूला किती वाजलेले असतात, आणि वार कोणता?

तिसऱ्या प्रश्नात बरीच मुले होनोलुलूचा वार चुकवतील. त्यांना लगेच उत्तर सांगू नका. आधी ग्रीनिचला किती वाजले ते काढायला सांगा, मग तिथून दहा तास मागे जाऊ द्या. मध्यरात्र ओलांडताना त्यांचे त्यांनाच कळेल की त्या क्षणी होनोलुलूला अजून रविवारच चालू आहे.